तळ्याला वाळू दे

६ मार्च

माणसाला आंधळं करायचं असेल तर त्याच्या हातात टेप द्यावी. आज सरकारी मोजणीदार आला होता. आमच्या घरामागचं तळं त्याने लांबीला मोजलं, रुंदीला मोजलं, मध्ये काठी खुपसून खोलीला मोजलं आणि नोंदवहीत लिहिलं: 'खड्डा, हंगामी.'

"खड्डा?" मी म्हणालो. "अहो, ज्या पाण्यात अख्खं आकाश दिसतं त्याला तुम्ही खड्डा म्हणता?"

"रस्त्यातल्या खड्ड्यातही दिसतं, सर."

न्हावी फिस्सकन हसला. हा न्हावी आमच्या तळे बचाव समितीचा चिटणीस. समितीत आम्ही दोघेच आहोत, अध्यक्ष मी. चिटणिसाने विरोधकांच्या विनोदाला हसायचं नसतं, हेसुद्धा या देशात शिकवावं लागतं.

प्रकरण एवढंच आहे. रस्त्यापलीकडच्या गोदामवाल्याला ट्रक उभे करायला जागा हवी आहे आणि त्याने तळ्यावर डोळा ठेवला आहे; जमीन सरकारी. सरकारी कागदावर 'खड्डा' लिहिलेलं असेल तर भराव टाकून बुजवता येतो. 'तळं' लिहिलेलं असेल तर ढेकूळही टाकता येत नाही. एका शब्दाची लढाई आहे. म्हणजे माझीच. चौतीस वर्षं मी पोरांना भाषा शिकवली, चाळीस वर्षं सभा गाजवल्या. शब्दासाठी लढायला या गावात दुसरा आहे कोण?

मी लेखी हरकत दिली. मोजणीदार म्हणाला, "वीस मेला पुन्हा पाहणी करतो. तेव्हा जे दिसेल ते शेवटचं."

वीस मे! त्या सुमारास तळ्यात थेंब नसतो. गोदामवाल्याने त्याला तारीख सुचवली असणार. पाणी कुठेतरी मुरतंय.

७ मार्च

ताईला तारीख सांगितली. वाटलं, हादरेल. ती म्हणाली, "बरं झालं. वाळलेलं बघू दे त्याला."

माझी थोरली बहीण सदुसष्ट वर्षांची आहे आणि युद्धशास्त्रात शून्य. गेली एकतीस वर्षं ती एक वही लिहिते आहे: तळं कोणत्या दिवशी पूर्ण वाळलं, कोणत्या दिवशी भरलं, भरल्यावर पहिला बेडूक कितव्या दिवशी बोलला. टिटवी कुठे बसली, लव्हाळे किती वाढले. एकतीस वर्षं! एवढ्या वेळात माणूस तीन भाषांतलं वाङ्मय वाचून संपवतो. मी संपवलं.

"ही वही मोजणीदाराला दाखवूया," ती म्हणाली.

"वाळल्याच्या तारखा? शत्रूच्या हातात? ताई, तू आपल्या बाजूची आहेस ना?"

"अरे, वाळतं म्हणूनच ते आहे. वाळलं नाही तर मासे टिकतील. मासे टिकले की बेडकांची अंडी खलास. आत्ता सगळे खाली चिखलात शिरतात, निजतात, आणि पाण्याची वाट बघतात."

"निजलेल्यांच्या जोरावर कुणी लढाई जिंकली आहे का?"

"तू जागाच आहेस की."

या बोलण्यात काही अर्थ नाही. दुपारी ती बाहेर गेल्यावर वही माझ्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. तिच्या भल्यासाठीच.

१९ मार्च

चौकात सभा. विषय: 'पाणी आणि पुरुषार्थ'. श्रोते अकरा. त्यातले नऊ बसची वाट पाहत होते हे मला मागाहून कळलं, पण तोंडावरून कळत नव्हतं. लोक अगदी रंगून ऐकत होते. मी म्हणालो, "जो समाज आपलं पाणी विसरतो, त्या समाजाच्या…" आणि बस आली. मी वाक्य पूर्ण केलं. न्हावी आणि एक कुत्रा होता.

गावात मला 'भोंगा' म्हणतात. ठाऊक आहे मला. भोंग्याने निदान गिरणीतले लोक जागे होतात.

घरी आल्यावर ताईने विचारलं, "किती होते?" मी म्हणालो, बरेच. ती मटार सोलत होती. म्हणाली, "उथळ पाण्याला खळखळाट फार."

"ही म्हण तळ्याला लागू नाही. तळं खळखळत नाही."

"तळ्याबद्दल कोण बोलतंय?"

११ एप्रिल

पाणी घोट्याइतकं उरलं. मधोमध एक बगळा उभा असतो, कचेरीतल्या बाबूसारखा: काम नाही, पण जागा सोडायची नाही. कडेचा चिखल आता भेगाळायला लागला आहे. पूर्वेच्या कोपऱ्यात, वाकड्या बाभळीखाली, अजून सावली आणि ओल आहे. पश्चिमेला गोदामाच्या बाजूने सगळं उघडं, दृष्टीला लाजिरवाणं. हे पाहून कोण याला तळं म्हणेल? खरं सांगायचं तर आज क्षणभर मलाही खड्डा दिसला. हे वाक्य खोडणार होतो. असू दे. ही वही कोण वाचतं आहे!

२८ एप्रिल

ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन. भाची शहरातल्या इस्पितळात परिचारिका आहे, ती येऊन घेऊन गेली. तीन आठवडे ताई तिच्याकडेच राहील. निघताना ताई तळ्याच्या काठावर जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "धाकट्या, मी नसताना काही करू नकोस हं."

काही न करणं हा आमच्या राष्ट्राचा स्थायीभाव आहे. मी तो पत्करणार नाही.

३ मे

कोरडं. ठणठणीत. आज काठावर उभा राहून मी शत्रूच्या नजरेने पाहिलं. वीस तारखेला मोजणीदार येईल, या फुटक्या चिखलाकडे पाहील आणि हसेल. लाज झाकायला तळाला काहीतरी हवं. चांगल्या सरोवरांचे काठ मी पाहिले आहेत, पुस्तकांतून आणि प्रत्यक्षही. तिथे चिखल नसतो. तळ स्वच्छ असतो, पिवळसर, पाणी नसलं तरी पाण्याची जागा आहे हे कळतं.

पण मी हुकूमशहा नाही. ताईला विचारायचं ठरवलं. भाची आज रविवारची कपडे न्यायला आली तेव्हा तिच्याजवळ चिठ्ठी दिली: 'पाहणी जवळ आली. तळाचा चिखल फार वाईट दिसतो. मुरूम घालू की वाळू? एका ओळीत कळव.'

७ मे

उत्तर आलं! औषधाच्या कागदामागे, पेन्सिलीने, मोठ्या तिरक्या अक्षरांत. एका डोळ्याला पट्टी असताना लिहिलेलं.

'तळ्याला वाळू दे. दुसरं काही करू नकोस.'

मी दोनदा वाचलं. ताईला पटलं. एकतीस वर्षं हट्टाने एक दगड हलवू न देणारी बाई, पण शेवटी पटलं. आणि काय वाक्य आहे! कर्म, क्रियापद, संपलं. मुरुमाचा उल्लेखसुद्धा नाही. 'दुसरं काही करू नकोस' यातच मुरूम गेला. मी वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहून द्यायला हवं होतं. आमच्या घराण्यात भाषा आहे, हे मान्य करावं लागेल.

न्हाव्याला चिठ्ठी दाखवली. त्याने ती लांब धरून वाचली, जवळ धरून वाचली, कान खाजवला.

"ताई खरंच वाळू म्हणाल्या?"

"डोळे आहेत ना तुला?"

"लिहिलंय तसंच. पण सर, मागच्या वर्षी मी तिथे बूट धुतला तर त्यांनी मला हाकललं होतं."

याला म्हणतात पालथ्या घड्यावर पाणी.

८ मे

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांत लिहावा. वाळू कुठून आणायची या विवंचनेत होतो, तर गोदामवाला स्वतः फाटकाशी आला. न्हाव्याच्या दुकानात बातमी गेली की जगात गेली.

"सर, वाळू पाहिजे म्हणे तुम्हाला?"

"तुमच्याकडून नको."

"असं काय करता. माझे ट्रक रिकामे उभे असतात. दोन खेपा टाकून देतो. फुकट. त्या दिवशी चौकात तुमचं भाषण ऐकलं मी, गाडीत बसून. मन बदललं माझं."

मी त्याच्याकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर एक प्रकारची शांती होती. मूर्ख माणूस! ज्याला बुजवायचं त्यालाच सजवायला निघाला. चाळीस वर्षं लोक मला विचारत आले, भाषणांनी काय होतं? हे होतं.

९ मे

दोन ट्रक आले. दोन्ही पश्चिमेकडून आत घेतले. चाकं चिखलाच्या पोपड्यांवरून कुरकुरत गेली, पापड मोडावा तसा आवाज. पहिली खेप पश्चिम काठापासून मध्यापर्यंत पसरली. दुसरा ट्रक पूर्वेला बाभळीखाली न्यायचा होता, पण फांद्या आडव्या आल्या. ड्रायव्हर म्हणाला, झाड तोडा. मी म्हणालो, अजिबात नाही. मग तीही वाळू पश्चिमेलाच टाकली. ट्रक चार-पाच वेळा पुढे-मागे झाले आणि सगळं छान दाबून बसलं.

पिवळं, सपाट, देखणं. संध्याकाळी टिटवी वरून ओरडत घिरट्या घालत होती. तिला सौंदर्यदृष्टी नसते.

२० मे

लिहायचं ठरवलं आहे, तर लिहितो.

सकाळी दहाला मोजणीदार आला. मागोमाग गोदामवाला, इस्त्रीच्या सदऱ्यात. मी वीस मिनिटांचं भाषण तयार ठेवलं होतं. पहिल्या मिनिटालाच मोजणीदार मला थांबवून म्हणाला, "ही वाळू कुणी टाकली?"

"मी. तळाच्या शोभेसाठी."

"भराव टाकायला तुमची हरकत होती ना?"

"हा भराव नव्हे."

त्याने टेप टाकली. काठी खुपसली. "वीतभर जाडी. निम्म्याहून जास्त भागात. सर, याला आमच्याकडे भरावच म्हणतात." आणि लिहू लागला.

गोदामवाला मान खाली घालून म्हणाला, "मी तर नुसते ट्रक दिले, साहेब. सरांचा शब्द मोडवत नाही." ती शांती परत त्याच्या चेहऱ्यावर होती. आज ओळखली मी.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. भाचीचा हात धरून ताई उतरली, काळा चष्मा लावून. ती काठापर्यंत आली आणि थांबली. चष्मा काढला.

"हे काय?"

"तूच लिहिलंस," मी म्हणालो. सगळ्यांसमोर बोलायची वेळ आली होती म्हणून आवाजही चढवला. "माझ्याकडे पुरावा आहे." खिशातून चिठ्ठी काढली.

ताईने ती घेतली नाही. "मला वाचता येत नाही अजून. तू वाच. मोठ्याने."

मी वाचलं. "तळ्याला वाळू…"

"मी थांबले होते का तिथे? पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं, न थांबता. माझ्याच तोंडून, माझ्याच कानांवर: तळ्याला वाळू दे. जसं, पोराला झोपू दे. तापाला उतरू दे. तळ्याला वाळू दे.

चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की शब्द मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नाही. आलेली एक ओळ मात्र मनातल्या मनात वाचली. दोन शब्दांच्या मध्ये एक श्वास घेतला. त्या श्वासात दोन ट्रक मावले.

न्हावी म्हणाला, "आयला." गोदामवाला खोकल्याचं निमित्त करून हसला.

ताई रडेल, ओरडेल, असं वाटलं. तिने फक्त विचारलं, "माझी वही कुठे आहे?"

"माझ्या ट्रंकेत."

"आण."

सगळ्यांच्या देखत घरात जाऊन कुलूप काढणं आणि ती वही घेऊन परत येणं. घरापासून तळं साठ पावलं आहे. या चालण्याचं वर्णन मी करणार नाही.

मोजणीदाराने उभ्याउभ्या पाच-सहा पानं चाळली. मग वाळूवरच बसला आणि मागे जाऊन पहिल्यापासून वाचू लागला. मी इतकी वर्षं या घरात राहिलो, मी ती वही उघडली नव्हती.

"दरवर्षी वाळतं?"

"दरवर्षी. आणि दरवर्षी चार दिवसांच्या आत बोलतं."

"आणि आत्ता खाली आहेत म्हणता?"

"निजलेत."

"किती?"

"टेप तुझ्याकडे आहे, बाबा. मी कुठे मोजू?"

तो प्रथमच हसला. गोदामवाल्याला म्हणाला, "पाऊस लागला की चौथ्या दिवशी येतो. जिथे काही जिवंत असेल तिथे तसं लिहीन. नसेल तिथे नाही." मी त्याला टेपवाला आंधळा लिहिलं होतं, मागे जाऊन पाहिलं. खोडत नाही.

२२ मे

वाळू काढतो आहोत. मी, न्हावी, सुटी काढून भाची. ताई काठावर खुर्ची टाकून बसते. फावडं घेऊ देत नाही.

"हाताने. नाहीतर सुपलीने. फावडं खाली कुणाच्या पाठीत बसेल."

२३ मे

पाठ. दुसरं काही लिहिण्याजोगं नाही.

२६ मे

पश्चिमेला चाकांखालची माती सिमेंटसारखी झाली आहे. वाळू निघते, पण खालची माती उघडत नाही. एक बेडूक सापडला, चपटा, वाळलेला. आधी मला ते बाभळीचं पान वाटलं. ताईला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही, फक्त बघत होती, आणि आता तिला दिसतं.

दुपारी मधल्या भागात एक ढेकूळ उचललं तर ते जिवंत निघालं. मुठीएवढा, मातीचाच झालेला. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटला. मी कित्येक सभांत कित्येकांना तुच्छ लेखलं आहे, पण इतक्या थोडक्यात मला जमलं नाही.

"झाक त्याला," ताई म्हणाली. "आणि तिथून ऊठ, तुझी सावली पडते."

"सावली चांगली नाही का?"

"बाभळीची चांगली."

न्हावी हसला. या खेपेला मीही अर्धवट हसलो. चिटणिसाचं बरोबर होतं.

२ जून

वाळू संपली. निदान दिसेनाशी झाली. हात सोलवटले आहेत. ताई म्हणते, आता खरंच काही करू नकोस. काही न करणं किती अवघड असतं हे मला एकसष्टाव्या वर्षी कळतं आहे. रोज सकाळी काठावर जातो, काठापाशी थांबतो, परत येतो.

आज तिला विचारलं, "जिवंत असतील?"

"काही असतील."

"काही म्हणजे?"

"म्हणजे मी काही तुझ्यासारखी खात्रीने बोलत नाही."

१७ जून

पावसाचा चौथा दिवस. मोजणीदार बोलल्याप्रमाणे आला. पॅन्ट दुमडून, बूट हातात घेऊन.

तीन दिवस पाणी भरत होतं आणि तीन दिवस काही नव्हतं. ताई जेवत नव्हती. मी एक नवं भाषण लिहिलं होतं, आठ मिनिटांचं, कबुलीने सुरू होणारं. बरं होतं. मोजणीदार काठावर आल्यावर मी घसा साफ केला आणि म्हणालो, "महोदय…"

बाभळीखालून एक आवाज आला. भांडं ओढावं तसा. मग दुसरा. मग एकदम सगळ्या पूर्वेकडून असा कालवा उठला की मला माझा आवाज ऐकू येईना. मी चढवला. त्यांनीही चढवला. चाळीस वर्षांत मला कुणी सभेत बोलू दिलं नाही असं झालं नव्हतं. लोक निघून जातात, हा त्यांचा हक्क. पण भाषण कुणी बंद पाडलं नव्हतं. आज पाडलं. कागद घडी करून खिशात घातला.

ताई हसत होती. एक डोळा अजून लाल आहे, त्यातून पाणी येत होतं.

मोजणीदार पाण्यात उतरला. पूर्वेकडे उभा राहून त्याने बराच वेळ ऐकलं. मग चालत चालत पश्चिमेला गेला आणि तिथेही उभा राहिला. बराच वेळ. तिथून त्याने आमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिथे पाणी होतं, त्यात आकाशही दिसत होतं. दुसरं काही नव्हतं.

आवाज जिथे संपत होता तिथे त्याने खुंट्या ठोकल्या. मोजायला टेप लागली नाही. ज्या रेषेपर्यंत माझी वाळू पसरली होती आणि माझे ट्रक पुढे-मागे झाले होते, बरोबर त्या रेषेवर. अलीकडे: 'तळं, हंगामी.' पलीकडे: 'खड्डा.'

"यात काही करता येणार नाही?" मी विचारलं. भाषण नव्हतं ते. नुसतं विचारलं.

"सर, तिथे कुणी बोललं असतं तर लिहिलं असतं."

गोदामवाल्याला निम्मी जागा पुरते म्हणे. सोमवारपासून भराव सुरू.

संध्याकाळी ताईने वही पुढे केली. "माझी अक्षरं अजून तिरकी येतात. आजचं तू लिही."

मी तारीख घातली. पूर्वेचा आवाज घरापर्यंत येत होता. मग एवढंच लिहिलं आणि वही मिटायला लागलो.

"थांब," ती म्हणाली. "आधी मोठ्याने वाच."

मी वाचलं: "भरलं. चौथ्या दिवशी अर्धं बोललं. अर्धं मी गप्प केलं."

ताईने ऐकून घेतलं.

"राहू दे तसंच," ती म्हणाली.